ओल्या शेंगा आणि मोठीबाईंचा नियम



पर्युषण आटोपले, क्षमापनेची पत्रे आणि फोन झाले, आणि बाजारपेठेच्या तोंडाशी ओल्या शेंगांच्या हातगाड्या उभ्या राहू लागल्या. जूनअखेर पेरलेला उपट्या जातीचा भुईमूग साधारण शंभर ते एकशे पंधरा दिवसांत काढणीला येतो. म्हणजे सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबर हा या शेंगांचा खरा हंगाम. उन्हाळी पिकाच्या शेंगा पुन्हा एकदा मे महिन्याच्या सुमारास येतात, परंतु पावसाळी शेंगांना मातीचा जो वास असतो तो त्यांना येत नाही, असे माझे मत आहे. ते कोणी मान्य करावे असा आग्रह नाही.

या वेळी शेंगा उकडण्याविषयी लिहावे असे ठरवले, त्याला कारण घडले ते आमच्या पुतण्याच्या दुकानात. दुपारी साडेचार-पाचच्या सुमारास गल्ल्यावर बसलेल्या माणसाला जी भूक लागते ती आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. जेवण दुपारी एकला झालेले असते, सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचून ताट घेणे गिऱ्हाइकांच्या गर्दीत नेहमी साधतेच असे नाही. मग काउंटरच्या खणातून पाकिटे निघतात. तळलेले, तिखट, आणि बारीक अक्षरांत छापलेली घटकद्रव्यांची यादी चष्मा लावूनही न वाचता येणारी. मी बँकेत पस्तीस वर्षे बारीक अक्षरे वाचण्याचीच नोकरी केली, म्हणून सवयीने वाचली. बटाट्याची भुकटी होती. पुतण्या म्हणाला, ''काका, आता हेही बघायचं का?'' मी त्याला उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी साडेचार वाजता उकडलेल्या शेंगांचा डबा घेऊन गेलो.

उकडलेल्या शेंगा आमच्या घरात आल्या त्या मोठीबाईंच्या हातून, आणि त्यातली विशेष गोष्ट अशी की त्यांनी स्वतः आयुष्यात शेंग खाल्ली नाही. मोठीबाई म्हणजे माझ्या थोरल्या काकू. लग्न होऊन आल्यानंतर दुसऱ्या की तिसऱ्या चातुर्मासात, गावी आलेल्या साध्वीजींकडून त्यांनी नियम घेतला होता : जमिनीत होणारे काहीही खायचे नाही. कांदा, बटाटा, मुळा, गाजर यांबरोबर शेंगाही गेल्या. आमचे गाव खानदेशातले, काकांची आडत भुईमुगाची, मागच्या खोलीत पोत्यांची थप्पी छतापर्यंत. आणि त्या घरातली थोरली सून शेंगदाणा तोंडात घालत नसे. घरात सर्वांसाठी शेंगदाण्याचे तेल, त्यांच्यापुरते तिळाचे तेल वेगळ्या बरणीत. या वेगळेपणाचा त्यांनी कधी गाजावाजा केला नाही आणि आम्हा मुलांना शेंगा देताना कधी नाकही मुरडले नाही.

उलट शेंगा उकडाव्यात त्यांनीच. मोठ्या पितळी पातेल्यात, चुलीवर. चव घ्यायची नाही, मग मीठ कसे समजायचे? त्या पहिली शेंग आमच्यापैकी सर्वांत लहान मुलाच्या हाती देत आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहत. मुलाने दुसरी शेंग मागितली की झाले. मागण्याआधी जरा थांबला की चिमूटभर मीठ आणि आणखी थोडा वेळ. मला आठवते तेव्हापासून त्यांचे मीठ चुकल्याचे स्मरत नाही.

पुढे मी एम.कॉम. होऊन बँकेत लागलो आणि नोकरीच्या पाचव्या-सहाव्या वर्षी पीककर्जाच्या पाहणीसाठी शेतांवर जाऊ लागलो. तोवर आडतीच्या घरात वाढूनही मी भुईमुगाचे झाड मुळासकट उपटलेले नीट पाहिले नव्हते. एका शेतकऱ्याने काढणीच्या वेळी एक झाड उपटून माझ्या हाती दिले आणि समजावले. पिवळे फूल जमिनीच्या वर, फांदीला येते. फळधारणा झाली की फुलाच्या बुडातून सुईसारखा देठ निघतो आणि खाली वाकून मातीत शिरतो. आमच्याकडे त्याला आऱ्या सुटणे म्हणतात. त्या आऱ्याच्या टोकाशी, मातीच्या आत, शेंग धरते. मूळ निराळे, त्यावर गाठी निराळ्या, आणि शेंग आऱ्यांना लोंबणारी. म्हणजे शेंग हे मूळ नव्हे, कंदही नव्हे. ते मातीत लपून पिकलेले फळ आहे, आणि दाणा हे त्याचे बी.

बहुतेक जैन घरांत शेंगदाणा चालतो तो याच विचाराने. काही घरांत तरीही वर्ज्य मानतात. ज्याला शंका असेल त्याने आपल्या गुरुमहाराजांना विचारावे. मी येथे वनस्पतीची रचना सांगतो आहे, निर्णय सांगत नाही.

परंतु त्या वेळी मी निर्णय सांगायलाच गेलो होतो. वय सत्तावीस-अठ्ठावीस, खिशात पदवी. ते झाड ओल्या फडक्यात गुंडाळून घरी आणले, ओसरीवर वर्तमानपत्र पसरले आणि मोठीबाईंना बोलावले. फूल दाखवले, आऱ्या दाखवल्या, मूळ वेगळे करून दाखवले. त्यांनी चष्मा लावून, वाकून, बराच वेळ पाहिले. एक आऱ्या बोटाने उचलून वरपर्यंत नेली, ती कोठून निघते ते पाहण्यासाठी. मग म्हणाल्या, ''बरोबर आहे तुझं. हे फळच आहे.''

मी म्हणालो, ''मग बाई, आता खायला काय हरकत आहे? इतकी वर्षं उगाच सोडल्यात तुम्ही.''

''उगाच कशी? मी महाराजसाहेबांसमोर 'मूळ सोडते' असं म्हटलं नव्हतं. 'जमिनीतलं सोडते' असं म्हटलं होतं. हे जमिनीतूनच काढलंस ना?'' आणि थोडे थांबून, ''तू बँकेत आहेस. सही झाल्यावर करारातला शब्द नवा अर्थ लावून बदलता येतो का तुमच्याकडे?''

मी वर्तमानपत्राची घडी केली. त्याच दुपारी त्यांनी त्या झाडाच्या आणि मी आणलेल्या आणखी शेरभर शेंगा उकडल्या. मी सर्वांत लहान नव्हतो, तरी त्या दिवशी पहिली शेंग मला मिळाली.

आता कृती. ओल्या शेंगा अर्धा किलो घेतल्या तर चार माणसांना पुरतात. शेंग जड लागावी, टरफल घट्ट असावे. हलवून आतला दाणा वाजत असेल तर ती शेंग ओली नव्हे, वाळलेली आहे. घरी आणल्यावर तीन-चार पाण्यांनी चोळून धुवाव्यात. माती टरफलाच्या जाळीत बसलेली असते आणि ती उकडताना सुटून पाणी गढूळ करते, शिवाय कुकरच्या शिट्टीच्या छिद्रात कण अडकण्याची भीती असते. फुटक्या, कोंब आलेल्या, छिद्र पडलेल्या शेंगा बाजूला काढाव्यात. छिद्र असलेल्या शेंगेत अळी असू शकते, म्हणून हे काम घाईचे नव्हे. आमच्याकडे मी ते खिडकीशी उजेडात बसून करतो.

कुकरमध्ये शेंगा बुडतील इतके गाळलेले पाणी, सपाट दोन मोठे चमचे मीठ आणि आवडत असल्यास पाव चमचा हळद. कुकर दोन तृतीयांशापेक्षा अधिक भरू नये. पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करून दहा-बारा मिनिटे ठेवावे, आणि मग कुकर आपोआप गार होऊ द्यावा. या शेवटच्या पायरीकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. उकळताना शेंगेच्या पोकळीतली हवा आणि वाफ फुगलेली असते. गार होताना ती आकसते आणि खारे पाणी आत ओढले जाते. शिट्टी उचलून वाफ घालवली आणि शेंगा लगेच उपसल्या, तर टरफल खारट आणि दाणा अळणी, असा प्रकार होतो. झाकण उघडल्यावरही अर्धा तास त्याच पाण्यात राहू द्याव्यात. उघड्या पातेल्यात उकडायच्या असतील तर पाऊण तास धरावा.

वाळलेल्या शेंगांच्याही करता येतात, आणि ज्यांच्या घरी तिथीला लिलोतरी चालत नाही त्यांना त्याच सोयीच्या. त्या भिजवाव्या लागतात. पुष्कळ ठिकाणी रात्रभर भिजवण्यास सांगतात. आमच्या घरी रात्री भिजत घालण्याची पद्धत नाही, म्हणून सकाळी सातला गरम पाण्यात घालतो आणि शेंगा तरंगतात म्हणून वर ताटली ठेवून दाबतो. दुपारी दोनला कुकरमध्ये, मंद आचेवर अर्धा तास. चारला डबा तयार. ओल्या शेंगेचा कोवळा गोडवा त्यांना येत नाही, पण दाणा मऊ, वालाच्या दाण्यासारखा होतो.

उकडलेल्या शेंगा ओलसर असल्याने लवकर बुरसतात. फ्रिजमध्ये तीनएक दिवस टिकतात. मात्र बासी न खाणाऱ्या घरांत सूर्यास्तापूर्वी संपतील तेवढ्याच कराव्यात हे उत्तम. सप्टेंबरअखेर आपल्याकडे साडेसहाच्या आत सूर्य मावळतो, हे धरून मी शेंगा मोजतो.

एका गोष्टीबाबत मात्र कठोर राहावे लागते. निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षी एका गाडीवर स्वस्त मिळाल्या म्हणून मी दोन किलो वाळक्या शेंगा घेतल्या. गोदामातल्या मालावर गहाणकर्ज देताना पोत्यात हात घालून वास घेण्याची मला सवय होती. दमट पोते नाकाला लगेच कळत असे. पण त्या दिवशी स्वस्ताईने नाक बंद केले असावे. उकडल्यावर चार दाण्यांमागे एक कडू. सौ. म्हणाल्या, ''कर्जंही अशीच दिलीत का?'' सर्व शेंगा फेकून द्याव्या लागल्या, आणि ते योग्यच झाले. दमट राहिलेल्या दाण्यावर जी बुरशी येते तिच्यापैकी काही अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात. 1960 साली इंग्लंडात सुमारे एक लाख टर्की पक्षी मेले, तेव्हा त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीचा तपास करताना हे विष ओळखले गेले. ते यकृताला घातक आहे आणि घरच्या उकडण्याने नाहीसे होत नाही. म्हणून काळपट, सुरकुतलेला, हिरवट बुरशीचा किंवा कडू दाणा दिसला की तो थुंकावा, गिळू नये. आणि असे दाणे अनेक निघाले तर हंडीच रिकामी करावी. आपण व्यापारी माणसे, टाकून देणे जिवावर येते. पण बुडीत खाते वेळीच बुडीत म्हणावे लागते.

मिठाविषयीही दोन शब्द. प्रौढ माणसाने दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गल्ल्यावर बसणाऱ्या आपल्या पिढीत रक्तदाबाच्या गोळ्या किती जणांच्या खिशात आहेत ते आपणास ठाऊक आहेच. अशांसाठी मीठ निम्मे करावे आणि शेंगेतले पाणी चोखण्याचा मोह आवरावा. दुःखाची गोष्ट आहे, कारण खरी चव त्या पाण्यातच असते. कोरड्या शेंगदाण्यात वजनाच्या साधारण पाव हिस्सा प्रथिने आणि निम्म्याच्या आसपास तेल असते; उकडलेल्यात पाणी शिरल्याने तेवढ्याच वजनात दोन्ही सुमारे निम्म्यावर येतात. मूठभर खाऊन पोट भरल्यासारखे वाटते ते यामुळे, आणि टरफल सोलण्यात वेळ जातो त्यामुळेही. पाकिटाप्रमाणे मूठ मूठ तोंडात घालता येत नाही. चार-पाच वर्षांखालील मुलांना अख्खा दाणा देऊ नये, घशात अडकतो. आणि ज्यांना शेंगदाण्याची ॲलर्जी आहे त्यांना उकडलेलाही चालत नाही.

बंगळुरूला बसवनगुडीत कार्तिकाच्या शेवटच्या सोमवारी शेंगांची जत्राच भरते, आणि अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलायना राज्याने 2006 मध्ये उकडलेल्या शेंगांना राज्याचा अधिकृत खाऊ म्हणून मान्यता दिली. पुतण्याला हे सांगितल्यावर डब्याची प्रतिष्ठा दुकानात एकदम वाढली. मोठीबाईंची गोष्ट त्याला ठाऊक होती, तिच्याने एवढा फरक पडला नव्हता.

मोठीबाई जाऊन आता बरीच वर्षे झाली. शेवटच्या आजारपणात अशक्तपणा फार आला, तेव्हा कोणीतरी शेंगदाण्याची पातळ आमटी सुचवली. चुलतभावाने माझ्याकडे पाहिले. ओसरीवरचे ते झाड त्यालाही आठवत असावे. मी मुगाचे पाणी करायला सांगितले.

मला शेंगांचा कसलाही नियम नाही. तरीही कुकर उघडल्यावर मी आधी चव घेत नाही. परवा पुतण्याच्या मुलीला, वय वर्षे सात, पहिली शेंग दिली. तिने दातांनी टरफल फोडले, खारे पाणी हातावरून कोपरापर्यंत ओघळले. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. ती जरा थांबली आणि म्हणाली, ''आजोबा, मीठ थोडंसं वाढवा.'' चिमूटभर वाढवले, आणि झाकण पुन्हा ठेवले.