बोट नव्हे, जॅक

कॅसलरॉकला आमच्या घरी गणपतीत पेटी हमखास रुसायची. जूनपासून घाटात पाऊस कोसळत असायचा, लाकूड फुगायचं आणि आरतीच्या ऐन भरात एखादी पट्टी दाबली की वर यायचीच नाही. अण्णा ओरडायचे, "बोट उचल की रे!" मी उचललेलंच असायचं.

परवा तेच वाक्य मी माझ्या लेकीला ऐकवलं. इथे शहरात तिच्यासाठी जुना ग्रँड पियानो घेतलाय. 'फर एलिझ'मध्ये एका ठिकाणी डाव्या हाताने खालचा एकच सूर भराभर वाजवायचा असतो. तिथे तिचे ठोके गळायचे. चार दिवस मी तिला बोटांचे व्यायाम करायला लावले. शेवटी ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "बाबा, तूच वाजवून बघ." माझेही गळाले. शेजारच्या पट्टीवर मात्र एकही नाही. (ऑफिसात बग शोधताना आधी हेच करतो. घरी सुचलं नाही!)

ग्रँडमध्ये जॅक नावाचा लाकडी तुकडा हातोडीला वर ढकलतो आणि ती तारेवर आपटायच्या जरा आधी बाजूला सरकतो. पट्टी पूर्ण वर येण्याआधीच पुढचा ठोका मिळावा म्हणून सेबास्टियन एरार यांनी एक जादा तरफ बसवली. पेटंट १८२१ सालचं. तरफेची स्प्रिंग हातोडीला तोलून धरते, तेवढ्यात जॅक पुन्हा खाली शिरतो. नाही शिरला, तर ठोका फुकट.

मला वाटलं, स्प्रिंगच ढिली. व्हिडिओ बघून ताणली, तर हातोडी उसळायलाच लागली. मग दुरुस्तीवाल्या काकांना बोलावलं. त्यांनी आधी माझी स्प्रिंग पूर्ववत केली. वाजवून पट्टी दाबून धरली आणि किंचित सोडली की हातोडी संथपणे वर यायला हवी, उडी मारायला नको. तशी ती आली, म्हणजे स्प्रिंग मुळात ठीकच होती. मग त्यांनी बोटाने एकेक जॅक ढकलून सोडला. बाकीचे टचकन परतले, हा आळसावून. दमट हवेने त्याच्या पिनेभोवतीचं फेल्ट फुगलं होतं. पिन काढून भोक जरा मोकळं केलं, नवी पिन बसवली. तेल मात्र कधी घालू नका म्हणाले, फेल्ट ते पितं आणि आणखी घट्ट होतं.

लेकीची माफी मागितली. रात्री अण्णांना फोन करून सगळं सांगितलं आणि विचारलं, "तेव्हा पट्टीच अडकायची, ते तुम्हाला कळायचं का हो?"

"कळायचं की. पण आरती कशी थांबवणार?"