मुंबईच्या 'गमती'

मोठ्या शहराच्या गमती सांगण्याची हौस आपल्या सुशिक्षित वर्गात बरीच बळावलेली दिसते. चर्चगेटला गेट नाही, धोबीतलावात तलाव नाही, गोवालिया टँकला टँक नाही. भायखळ्याला एका खांबावर कोणी पारशी उभा आहे, तो का उभा आहे हे कोणास ठाऊक नाही! पाहुणे आले म्हणजे जेवणानंतरच्या सुपारीबरोबर हे किस्से फिरतात, सर्वजण हसतात, आणि आपले शहर आपणांस चांगले माहीत आहे अशा समाधानात मंडळी उठतात. या समाधानाला आमचा आक्षेप आहे. एखाद्या वस्तूचे प्रयोजन आपण विसरावयाचे आणि मग विचित्रपणाचा ठपका त्या वस्तूवरच ठेवावयाचा, असा हा व्यवहार आहे.

प्रथम मैलांचे दगड घेऊ. काळबादेवीपासून दादरपर्यंतच्या रस्त्यांच्या कडेला काळ्या दगडाचे काही ठोकळे आढळतात. त्यांवर रोमन अंक कोरलेले असून, सेंट थॉमस चर्चपासून ती जागा इतके मैल आहे, असा इंग्रजी मजकूर आहे. हे चर्च १७१८ मध्ये कोटाच्या आत उपासनेसाठी खुले झाले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बसविलेल्या या दगडांची मोजणी तेथूनच सुरू होई. त्याच चर्चकडे जाणारा कोटाचा दरवाजा तो चर्चगेट. १८६० नंतरच्या काही वर्षांत कोटाच्या भिंती पडल्या, दरवाजा गेला आणि नाव उरले. म्हणजे ज्या कोड्यावर आपण हसतो त्याचे उत्तर पदपथावरच लिहून ठेवलेले आहे. परंतु रस्त्यावर थरावर थर चढत गेले आणि यांतील कित्येक दगड गळ्यापर्यंत बुडाले. काही दगड उकरून पुन्हा उभे करण्याचे काम अलीकडे झाले, ही समाधानाची गोष्ट होय. मात्र उकरलेला दगड वाचणारा कोणी निघाला नाही, तर तो पुन्हा पुरला जाण्यास वेळ लागणार नाही.

भायखळ्याच्या त्या 'खड्या पारशा'चेही तसेच. तो पुतळा शेठ करसेटजी माणकजी यांचा. त्यांचे चिरंजीव माणकजी करसेटजी यांनी पित्याच्या स्मरणार्थ तो सुमारे ४० फूट उंचीच्या ओतीव लोखंडी स्तंभावर उभा केला. खाली दिवे धरणाऱ्या चार मत्स्यकन्या बसविल्या. याच माणकजींनी १८६३ मध्ये मुलींसाठी इंग्रजी शाळा काढली. मुलींना घराबाहेर शिकविणे हाच जेव्हा वादाचा विषय होता, त्या काळचे हे धैर्य आहे. आज त्या स्तंभाच्या दोहों बाजूंनी उड्डाणपुलाचे हात गेले आहेत. २०१४ मध्ये त्याची डागडुजी झाली. रंगरूप परत आले. पण ज्यांच्या मुली आज निर्वेधपणे महाविद्यालयात जातात, त्या घरांतही या नावाची ओळख नसावी, ही गंमत म्हणावयाची की कृतघ्नता?

यावर कोणी म्हणेल, 'अशा वस्तू रस्त्यांतून हलवून एखाद्या बागेत नीट ठेवाव्या. वाहतुकीची अडचणही दूर होईल.' हा उपाय मुंबईने करून पाहिलेला आहे. घारापुरीच्या ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला 'एलिफंटा' हे नाव दिले, तो १८६४ मध्ये इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत फुटला. १९१४ मध्ये त्याचे तुकडे जुळविले गेले. आज तो राणीच्या बागेत, म्हणजे जिजामाता उद्यानात आहे. ज्या बेटाला त्याने नाव दिले तेथे तो नाही, आणि जेथे तो आहे तेथे प्राणी पाहण्यास आलेल्या मुलांनी त्याच्याकडे का पाहावे, हे त्यांस कोणी सांगत नाही. काळ्या घोड्याचा पुतळाही १९६५ पासून त्याच उद्यानात आहे. भाकड गुरे पांजरपोळात पोचविली म्हणजे धर्म केल्याचे पुण्य पदरी पडते. तसा हा इतिहासाचा पांजरपोळ! जागेवरून उपटलेली वस्तू सुरक्षित राहते हे खरे. पण तिचा अर्थ जुन्या जागीच राहतो.

दुसरा आक्षेप अधिक तिखट आहे: 'ही तर परकीय सत्तेची चिन्हे, त्यांचे कौतुक स्वतंत्र देशाने का करावे?' याला उत्तर त्या घोड्यानेच दिलेले आहे. १८७९ साली तो पुतळा उभा राहिला तो युवराजाचा, पुढे सातवा एडवर्ड झालेल्या राजपुत्राचा. ससून घराण्यातील धनिकाने तो शहरास अर्पण केला. परंतु मुंबईच्या सामान्य माणसाने त्याचे बारसे केले ते 'काळा घोडा' म्हणून! सरकारने पुतळा हलविण्याच्या कितीतरी आधी लोकांनी आपल्या बोलण्यातून स्वाराला खाली उतरवून घोडा तेवढा ठेवून घेतला होता. पुतळा गेल्यावरही ५२ वर्षे त्या चौकाने हे नाव टाकले नाही. अखेर २०१७ मध्ये तेथे बिनस्वाराचा नवा घोडा उभा राहिला. लोकभाषेने दिलेला एवढा मार्मिक निकाल ज्यास दिसत नाही, त्याने चिन्हे पुसण्याची घाई करू नये.

तिसरा आक्षेप खरोखर विचारार्ह आहे. 'ज्या शहरात लाखो माणसांना धड निवारा नाही, तेथे दगडांची चिंता कसली?' आमचे म्हणणे असे की, या दगडांतील पुष्कळसे गरिबांसाठीच होते. मुंबईतील जुनी प्याऊ पाहा. विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये शहरात आले. त्यानंतर व्यापारी गृहस्थांनी आपल्या माणसांच्या स्मरणार्थ चौकाचौकांत पाणपोया बांधल्या. भातबाजारातील केशवजी नाईक यांची पाणपोई १८७६ ची. कोटातील मुळजी जेठा कारंजे रतनशी मुळजी या कापसाच्या व्यापाऱ्याने, पंधराव्या वर्षी वारलेल्या आपल्या मुलाच्या, धरमशीच्या, स्मरणार्थ बांधविले. बोरीबंदर स्थानकाचे शिल्पकार स्टीव्हन्स यांनी त्याचा आराखडा केला. शिखरावर पुस्तक वाचणारा मुलगा आहे. पुत्रशोक झालेल्या पित्याने परक्यांच्या तहानेची सोय करून ठेवली! आज मुंबईतील अशी कित्येक प्याऊ कोरडी आहेत, आणि दुपारच्या उन्हात हमालाला पाण्याची बाटली विकत घ्यावी लागते. प्याऊचे नक्षीकाम पाहून 'काय सुंदर' म्हणणाऱ्याने त्याच्या कोरड्या तोटीकडेही एकदा पाहावे.

चर्चगेटजवळची भिखा बेहराम विहीर १७२५ ची आहे. समुद्र हाकेच्या अंतरावर असून तिचे पाणी गोडे आहे. पारशी मंडळी तेथे आजही प्रार्थनेस येतात. म्हणून तिची निगा राहिली आणि ३०० वर्षांत ती अडगळ झाली नाही. वस्तूला जपणारा तिचा वापर असतो. कुंपण आणि रंगाचा हात हे त्याच्या पुष्कळ मागून येतात.

तेव्हा मागण्या साध्याच आहेत. जी वस्तू जेथे आहे तेथेच राहावी. तिच्यापाशी ती कोणी, केव्हा, कशासाठी उभारली हे शुद्ध मराठीत लिहावे. जेथे पाणी वाहत होते तेथे पुन्हा पिण्याजोगे पाणी वाहावे. एवढे महापालिकेने करावे. आणि आपण सुशिक्षित म्हणविणाऱ्यांनी मुलांस राणीच्या बागेत नेताना वाघाबरोबर त्या फुटक्या हत्तीचीही हकीकत सांगावी. ती सांगता येत नसेल, तर निदान चर्चगेटला गेट नाही म्हणून हसू तरी नये.