संग्रहालयाच्या पायऱ्या आपण कधी चढणार?



६ डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादन करून आपली कितीतरी माणसं गेट वे ऑफ इंडिया बघायला जातात. तिथून जवळच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. बरेच जण त्याचा घुमट बाहेरूनच बघतात, फोटो काढतात आणि परततात. का, असं विचारलं तर उत्तर येतं, "ते मोठ्या लोकांचं असतं. आपल्याला काय कळणार त्यातलं?"

आत काय आहे, माहीत आहे? गांधार शैलीतली शिल्पं आहेत. सिंधमधल्या मीरपूरखासच्या स्तूपावरच्या, भाजलेल्या मातीच्या बुद्धमूर्ती आहेत. आपल्याच सोपाऱ्याला सापडलेला सम्राट अशोकाचा शिलालेख आहे. आपला इतिहास आत आणि आपण फुटपाथवर!

सोपाऱ्याला अशोकाच्या आठव्या आणि नवव्या शिलालेखांचे तुकडे मिळाले. आठव्याचा १८८२ साली मिळाला. या आठव्या लेखाचा विषयच प्रवास आहे. आधीचे राजे शिकारीसाठी, मौजेसाठी विहारयात्रा काढत. अशोक संबोधीच्या ठिकाणी गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. तिच्यात वृद्धांची भेट होती, दान होतं, खेड्यापाड्यांतल्या लोकांशी धम्मावर चर्चा होती. म्हणजे सहल कशी काढावी हे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरून ठेवलेलं आहे. आपल्या मंडळांनी वर्षातून एक तरी सहल अशी काढावी, एवढंच माझं म्हणणं आहे.

मात्र ती दुसऱ्याच्या भरवशावर नको. मागे वस्तीतल्या वीसेक पोरापोरींना घेऊन एका संग्रहालयात गेलो होतो. गाईड भला माणूस होता. बुद्धमूर्तीसमोर उभं राहून त्याने दगड, शैली, शतक सगळं सांगितलं. बारावीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, मग या मूर्तीपुढे वंदन करणारी माणसं कुठे गेली?" तो हसला आणि म्हणाला, "पुढे चला, वेळ कमी आहे." त्या मुलीचा प्रश्न मूर्तीखालच्या पाटीवर नव्हता. तो बाबासाहेबांनी विचारला होता आणि आयुष्यभर त्याचं उत्तर शोधलं होतं. म्हणून गाईड आपला हवा. तो आपल्यातूनच, वाचून, तयारी करून उभा राहायला हवा.

भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी उघडलं. तिथे इथल्या वेगवेगळ्या जातीजमातींची, धंद्यांची मातीची मॉडेल्स मांडलेली आहेत. कुणाची पगडी कशी, कुणाचं काम काय, हे त्यांत दाखवलंय. कष्टकरी माणूस तिथे काचेच्या आत गेला तो बघण्याची वस्तू म्हणून. आज त्याच्या पणतवंडांनी काचेच्या बाहेर उभं राहून विचारावं, की ही ओळख कुणी ठरवली?

काही कार्यकर्ते म्हणतील, "गावोगावी अत्याचार होतायत, शिष्यवृत्त्या रखडल्यात आणि तुम्हाला चित्रं सुचतायत?" हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. पण २० मार्च १९२७ ला महाडला माणसं काही नुसती तहान भागवायला गेली नव्हती. सार्वजनिक जागेवरचा हक्क बजावायला गेली होती. १९२३ च्या बोले ठरावाने पाणवठे कागदावर खुले झालेच होते, पण पाणी प्यायला पाऊल उचलावं लागलं. संग्रहालयाच्या दारात आज कुणी जात विचारत नाही हे खरं. पण "ते आपलं नाही" हा पहारेकरी आपल्याच डोक्यात बसलाय, त्याचं काय?

आणखी एक. तिथे गेल्यावर दिसेल ती मूर्ती बुद्धाचीच, असं ठोकून देऊ नका. चुकीची माहिती खोडायची तर पुराव्याने खोडा. पाटी वाचा, वहीत उतरवा, शंका लेखी विचारा. पुराव्याशिवाय बोलणं ही बाबासाहेबांच्या अनुयायाची रीत नव्हे.

एका दिवसाचा बेत सोपा आहे. सकाळी वस्तुसंग्रहालय. दुपारी शेजारच्याच जहांगीर कलादालनात जा, तिथे तिकीट लागत नाही. समोरच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयातली चित्रं बघताना मोजा, आपलं जगणं किती भिंतींवर आहे? सवी सावरकर, विक्रांत भिसे यांच्यासारख्या चित्रकारांनी ते रंगवलंय. त्यांची नावं आपल्या किती पोरांना माहीत आहेत? संध्याकाळी चालत फोर्टमधल्या सिद्धार्थ कॉलेजपाशी या आणि दिवसभरात काय पाहिलं, काय पटलं नाही, यावर प्रत्येकाला दोन मिनिटं बोलू द्या. सुरुवात मुलींपासून करा.

येत्या जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक तास कमी करा. तेवढ्या पैशांत वस्तीतली पोरं संग्रहालयाच्या पायऱ्या चढतील. त्यातलं एखादं उद्या स्वतः कुंचला हातात घेईल, एखादी अभिलेख वाचायला शिकेल. मग तिला कुणी "पुढे चला" म्हणणार नाही.

जयभीम! जय संविधान!