स्क्रीनसमोरच्या खुर्चीवर आपण का नाही?

विमानतळावरची तपासणी हा आपल्या गप्पांमधला हमखास विषय. कुणाची दाढी बघून बॅग दोनदा उघडली, कुणाला टोपी काढायला लावली, कुणाच्या बहिणीला हिजाबवरून चार प्रश्न जास्त विचारले. हे किस्से खोटे आहेत असं म्हणायला मी हा लेख लिहीत नाही. माझा प्रश्न दुसरा आहे. रांगेत उभं राहून आपण इतकी वर्षं तक्रार करतोय, पण एक्स-रे मशीनच्या स्क्रीनसमोर बसायला आपल्यातले किती जण गेले?

न्या. राजिंदर सच्चर समितीचा २००६ चा अहवाल काढून बघा. तेव्हा देशाच्या लोकसंख्येत आपण १३.४ टक्के होतो. सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ अशा सुरक्षा दलांमध्ये मात्र ३.२ टक्के. आकडा जुना आहे हे खरं. पण एनसीआरबीने २०१३ नंतर पोलिसांमधल्या मुस्लिमांची संख्या वेगळी छापणंच बंद केलं. ती आकडेवारी पुन्हा द्या, ही मागणी आपण जोरात केली पाहिजे. आणि ती करताना आपल्या पोरांच्या हातात भरतीचा फॉर्मही असला पाहिजे.

आधी हे काम काय आहे ते समजून घेऊ. डिसेंबर १९९९ मध्ये आयसी-८१४ विमानाचं अपहरण झालं आणि २००० मध्ये जयपूरपासून विमानतळांची सुरक्षा सीआयएसएफकडे जायला लागली. आज मुंबईसारख्या मोठ्या विमानतळावर प्रवाशांची आणि हातातल्या बॅगांची तपासणी हेच दल करतं. विमानाच्या पोटात जाणारं सामान आणि कार्गो तपासणारे स्क्रीनर वेगळे असतात. नियम सगळ्यांना बीसीएएस घालून देतं आणि त्याचं प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय कुणीही स्क्रीनवर बसू शकत नाही.

स्क्रीनवर धातू निळा दिसतो, सेंद्रिय वस्तू नारिंगी, मधल्या घनतेच्या हिरव्या. अडचण अशी, की खजूर, साबण, पुस्तक आणि स्फोटक या सगळ्यांचा रंग नारिंगीच. काही सेकंदांत आकारावरून, घनतेवरून, शेजारच्या वायरवरून ठरवायचं असतं. डोळा थकतो म्हणून सलग वीसेक मिनिटांनंतर माणूस बदलतात. सॉफ्टवेअर मधूनच खऱ्या बॅगेच्या चित्रात खोटं पिस्तूल किंवा बॉम्ब घुसवतं आणि स्क्रीनरने तो पकडला की नाही याची नोंद ठेवतं. तिथे आडनाव कामाला येत नाही, नजर येते.

खानदानातले चाचा-मामू म्हणतील, "इतका शिकून वॉचमन होणार का?" ज्यांना हे वॉचमनचं काम वाटतं, त्यांनी एकदा त्या स्क्रीनसमोर बसून दाखवावं. मी इंजिनियर आहे. डिग्री घेऊन वर्षानुवर्षं बिनपगारी 'इंटर्न' राहिलेले इंजिनियरही आपल्या मोहल्ल्यात मी पाहतो. पगार, पेन्शनची सोय आणि देशभर मान असलेली वर्दी यात हलकं काय आहे?

आता 'रँडम चेकिंग'कडे येतो. सॉफ्टवेअर लिहिणं हा माझा धंदा असल्यामुळे हा शब्द मला रोज भेटतो. रँडम म्हणजे प्रत्येकाची निवड होण्याची शक्यता सारखी. माणूस डोळ्यांनी बघून निवडतो तेव्हा ते रँडम नसतं, त्याच्या डोक्यात जे भरलंय ते बाहेर येतं. मेटल डिटेक्टरच्या दारातच एक सोय असते: अंगावर काही नसतानाही ठरवलेल्या टक्केवारीने आपोआप वाजण्याची. जादा तपासणीची निवड अशा यंत्रावर सोपवा, नोंद ठेवा, ती तपासायला खुली करा. ही मागणी रास्त आहे, आणि त्यात फक्त आपलाच नाही तर सगळ्यांचा फायदा आहे.

पण यंत्रानंतरही माणूस उरतोच. आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरपेक्षा मोठी द्रवाची बाटली चालत नाही. त्यात झमझमही आलं आणि अत्तरही. हा नियम म्हाताऱ्या हाजीसाहेबांना त्यांच्या भाषेत, अदबीने समजावणारा कर्मचारी असेल तर नियम तोच राहतो, अपमान तेवढा टळतो. दहा जणांच्या तुकडीत एक शेख, एक पठाण, एक तांबोळी रोज डबा खात असेल, तर उरलेल्या सात जणांना दाढीची भीती वाटणं हळूहळू कमी होतं. कोणतंही भाषण हे काम करू शकत नाही.

बहिणींनो, हे तुमच्यासाठी जास्तच लागू आहे. बाईची झडती पडद्याआड बाईच घेते. आपल्या अम्मीला, खालाला हात लावणारी बाई समजूतदार असावी असं आपल्याला वाटतं, आणि 'आमच्या घरातली मुलगी असली नोकरी करणार नाही' असंही आपणच म्हणतो. मग ती बाई येणार कुठून?

"आपल्याला घेतच नाहीत," हे दुसरं उत्तर. भेदभाव होतो, मी नाकारत नाही. पण न भरलेला फॉर्म कुणी नाकारला, असं कोर्टात कसं सिद्ध करणार? दाढीचा मुद्दा खरा आहे. हवाई दलातल्या एका मुस्लिम जवानाची दाढी ठेवण्याची मागणी सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१६ मध्ये फेटाळली. मला तो निकाल पटत नाही. ज्याला दाढी सोडायची नाही, त्याच्या निर्णयाचा मी आदर करतो. पण रोज सकाळी गुळगुळीत दाढी करून कॉलेजला जाणाऱ्यांनी या कारणामागे लपू नये.

एक गोष्ट मात्र स्पष्ट हवी. आपला माणूस तिथे बसला की आपल्याला सोडेल, या आशेने कुणाला पाठवायचं असेल तर पाठवू नका. ती खुर्ची अमानत आहे. आपल्याच माणसाविरुद्ध गेली तरी साक्ष न्यायाची द्यायची, हे सूरह निसाची १३५वी आयत आपल्याला शिकवते. उस्मान असो की उमेश, बॅग तितक्याच बारकाईने बघितली जाईल, एवढंच आपल्याला हवंय.

रस्ता बंद नाही. केंद्रीय दलांमधली कॉन्स्टेबल भरती एसएससी-जीडी परीक्षेतून होते. पात्रता दहावी पास, वय १८ ते २३. आपल्यातल्या अनेक बिरादऱ्या केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत, त्यांना वयात ३ वर्षांची सवलत मिळते. ८० प्रश्न, ६० मिनिटं. २०२४ पासून ही परीक्षा १३ प्रादेशिक भाषांमध्येही होते आणि त्यात मराठी, उर्दू, कोकणी तिन्ही आहेत. भाषेचं कारण संपलं. मुलांना २४ मिनिटांत ५ किलोमीटर धावावं लागतं, मुलींना साडेआठ मिनिटांत १.६ किलोमीटर. पदवीधरांसाठी वेगळी वाट आहे: विमानतळ प्राधिकरणाच्या कार्गो पाहणाऱ्या उपकंपनीने २०२३ मध्ये ९०६ सिक्युरिटी स्क्रीनरची जाहिरात काढली होती. ती नोकरी कंत्राटी, पण तिथे स्थानिक भाषा येणं हा गुण धरला जातो.

आपल्या शहरांत शादीखाने आहेत, मदरशांचे हॉल आहेत, दुपारी रिकामे असतात. तिथे गणित आणि रीझनिंगचा वर्ग सुरू करायला कुणाची परवानगी लागत नाही. फजरनंतर मैदान मोकळंच असतं. ओबीसी दाखला आणि नॉन-क्रीमी लेयरचे कागद आत्ताच काढून ठेवा, जाहिरात आल्यावर धावपळ नको. आणि पुढच्या वेळी ग्रुपवर तपासणीचा किस्सा टाकाल, तेव्हा त्याखाली भरतीच्या फॉर्मची शेवटची तारीखही टाका.