लाखाचे झाले १ई+०५

पैसा उधळणाऱ्याने लाखाचे बारा हजार केले, असं आपण म्हणतो. आर ही संख्याशास्त्राची संगणकभाषा लाखाचं त्याहून भलतंच काही करते. समजा, नेरूळच्या एखाद्या सोसायटीला थकबाकीची पत्रं काढायची आहेत. यादीत एकाचे एक लाख, दुसऱ्याचे दीड लाख. यादी पडद्यावर छापून पाहिली तर १००००० आणि १५००००, दोन्ही आकडे सरळ. तीच यादी 'पेस्ट' हे फंक्शन वापरून वाक्यात चिकटवली, की दीड लाखवाल्याला १५००००च जातात. एक लाखवाल्याच्या हाती मात्र पडतं: 'आपली थकबाकी रु. १ई+०५.' तो कशाला भरतोय!

यात जादू काही नाही. आर जागा वाचवायला बघते. १००००० लिहायला सहा अंक लागतात, 'सायंटिफिक' रूपात १ई+०५, म्हणजे एकावर पाच शून्यं, पाच खुणांत उरकतं. दीड लाखाचं तसं रूप १.५ई+०५ म्हणजे सात खुणांचं, म्हणून तो सुटतो. पडद्यावर छापताना सगळ्या यादीला मिळून एकच रूप ठरतं, पेस्टमध्ये मात्र प्रत्येक आकड्याचा सुटा निकाल लागतो. त्यामुळे तपासताना सगळं ठीक दिसतं आणि बोंब पत्र गेल्यावर होते. आधी 'फॉरमॅट'मधून आकडे काढून 'सायंटिफिक' नको असं बजावलं की हे टळतं. पण फॉरमॅट सगळे आकडे एका रुंदीचे करायला लहान आकड्यांपुढे मोकळ्या जागा भरतं. तक्त्यात ते शोभतं, पत्रात नाही. तिथे 'ट्रिम'ही सांगावं लागतं. ऐरोली-महापेच्या ऑफिसांत नव्याने रुजू होणाऱ्या पोरांना हे पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगायला हवं.

स्वल्पविरामाचं दुखणं वेगळंच. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ होती. आरला 'बिग मार्क' म्हणून स्वल्पविराम दिला, तर ती ११२,३७४,३३३ लिहिते. गट किती अंकांचा करायचा ते बदलता येतं, पण एकच माप सांगता येतं. आपल्याला आधी तीन, मग दोन-दोन लागतात. ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ही भाषा घडवली, तेव्हा लाख-कोटी त्यांच्या गावीही नसणार. त्यांना दोष नाही. पण २९ फेब्रुवारी २००० रोजी आरची १.० आवृत्ती आली, त्यालाही आता पाव शतक उलटलं. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला भारतातली मराठी असं सांगितलं, तर ती लाख-कोटींचे स्वल्पविराम देते आणि अंकही देवनागरीत लिहिते. मूळ आरमध्ये त्यासाठी चार ओळींचं फंक्शन स्वतः लिहावं लागतं. लिहावं की! भाषा खुली आहे, फुकट आहे.

आकड्याचा मजकूर झाला की क्रमही बिघडतो. वाशीचे सेक्टर मजकूर म्हणून लावले तर १, मग १०, ११, १२ असं करत १९ झाल्यावर कुठे २ येतो. आधी शून्य लावून ०१, ०२ केलं की गाडी रुळावर.

या शून्याला क्षुल्लक समजू नका. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांच्या ६१७४ या स्थिरांकाचं गणितही त्यावाचून अडतं. चार अंकी संख्येचे सगळे अंक सारखे नसतील, तर ते उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत गेलं की शेवटी ६१७४च येतो. १००० घ्या. अंक उतरत्या क्रमाने १०००, चढत्या क्रमाने ०००१, वजाबाकी ९९९. हे तीनच अंक धरले तर पुढे ९९९ वजा ९९९, हाती शून्य. ०९९९ धरलं तर ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, मग ८०८२, ८५३२ आणि ६१७४. आरमध्ये 'एसप्रिंटएफ'ला चार अंकी रुंदी आणि पुढे शून्य असं सांगितलं की ०९९९ मिळतं. तो मजकूर असतो, वजाबाकीसाठी त्याचा पुन्हा आकडा करावा लागतो.

म्हणून बेरीज, सरासरी, क्रम सगळं उरकेपर्यंत आकडा आकडाच ठेवावा आणि वाचणाऱ्याच्या हाती देताना शेवटी त्याचा मजकूर करावा, तोही त्याला वाचता येईल असा. तुमच्या टेबलावर कुणी महाराष्ट्राची लोकसंख्या ११२,३७४,३३३ लिहिलेला मराठी अहवाल ठेवला, तर सही न करता परत पाठवा.