डोंगरउतारावरची कब्र

घरात मौतीचा विषय काढला की कोणीतरी लगेच म्हणते, ‘अल्लाह खैर करो, असे काही बोलू नका.’ आम्हीही याला अपवाद नाही. पण काही कब्री अशा असतात की त्यांच्याविषयी वाचले की हा विषय टाळता येत नाही.

स्कॉटलंडच्या खेड्यापाड्यांत जुन्या चर्चभोवती दफनभूमी असते. तिथल्या १७व्या-१८व्या शतकातील दगडांवर कवटी, हाडे आणि वाळूचे घड्याळ कोरलेले दिसते. शेजारी मरणाऱ्याच्या धंद्याची खूण असते: लोहाराचा हातोडा, शिंप्याची कात्री. अक्षरओळख नसलेल्यालाही कळावे की इथे कोण निजले आहे आणि आपलीही वेळ येणार आहे.

पर्थशायरमधील लॉजिरेट गावी तर लोखंडी पिंजरे जपून ठेवले आहेत. त्या काळी शरीरशास्त्र शिकवण्यासाठी प्रेतांना पैसा मिळे, म्हणून चोर ताज्या कब्री उकरत. प्रेत त्यांच्या उपयोगाचे राहणार नाही इतके दिवस हा पिंजरा कब्रीत ठेवायचा आणि मग दुसऱ्या घरच्या मयतीसाठी काढून न्यायचा. १८३२ च्या कायद्याने वैद्यकीय शाळांची सोय झाली, तेव्हा ही चोरी थांबली. त्या पिंजऱ्यांपैकी एक लहान मुलाच्या मापाचा आहे. मयतीची बेअदबी होऊ नये, ही तळमळ सगळीकडच्या आईबापांची सारखीच.

याच देशात, उत्तरेकडच्या ग्लेनकॅरन येथे डोंगरउतारावर एक वेगळी कब्र आहे. ना चर्च, ना कवटी. दगडावर सूरह नूरची आयत कोरलेली आहे, आसमान आणि जमिनीच्या नूराची. ही कब्र लेडी एव्हलिन कॉबल्ड यांची.

१८६७ साली एडिंबरोत एका उमराव घराण्यात त्यांचा जन्म झाला. लहानपणी हिवाळा अल्जीरिया आणि इजिप्तमध्ये जाई. तिथे दायांच्या हातात वाढताना त्या अरबी बोलू लागल्या, शेजारच्या मुलांबरोबर मशिदीत जाऊ लागल्या. आपण मुसलमान नेमके कधी झालो हे त्यांना सांगता येत नसे. आपण पहिल्यापासूनच मुसलमान होतो असे त्यांना वाटे. त्यांनी झैनब हे नाव घेतले. १९३३ मध्ये, वयाच्या ६५व्या वर्षी, त्यांनी हज केला. ब्रिटनमध्ये जन्मलेल्या स्त्रीने केलेला हा पहिला ज्ञात हज मानतात. पुढच्याच वर्षी त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले. एरवी त्या हरणांची शिकार करणाऱ्या, मासे धरणाऱ्या अस्सल डोंगरी स्कॉटिश बाईच राहिल्या.

जानेवारी १९६३ मध्ये त्यांचा इंतकाल झाला. त्या वर्षीचा हिवाळा ब्रिटनमधल्या सर्वांत कडक हिवाळ्यांपैकी एक. आपले दफन कसे व्हावे हे त्यांनी आधीच सांगून ठेवले होते. लंडनजवळच्या वोकिंगच्या शाहजहान मशिदीतून (जी भोपाळच्या बेगमांच्या मदतीने उभी राहिली) इमाम जवळजवळ हजार किलोमीटर प्रवास करून आले. बर्फात जनाजा झाला, चेहरा किब्ल्याकडे करून दफन झाले, आणि स्कॉटलंडच्या रिवाजाप्रमाणे मशकबाजाही वाजला.

आम्हाला इथे थांबून विचार करावासा वाटतो. त्यांचे घराणे ख्रिस्ती. आसपास मुस्लिम जमात नाही. त्यांनी काहीच सांगून ठेवले नसते तर घरच्यांनी प्रेमानेच, पण आपल्या रीतीने, त्यांना चर्चच्या आवारात ठेवले असते. त्यांनी सांगून ठेवले आणि घरच्यांनी ते पाळले, म्हणून तो दगड आज तिथे आहे.

आपल्याकडे जमात आहे, कब्रस्तान आहे, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण देणे कोणाचे, अमानत कोणाची, बायकोचा मेहर दिला का, हे किती घरांत कागदावर आहे? ज्याच्याकडे वसीयत करण्याजोगे काही आहे त्याने ती लिहिल्यावाचून दोन रात्रीही जाऊ देऊ नयेत, ही रसूलुल्लाह (सल्ल.) यांची ताकीद आपण सर्वांनी ऐकली आहे. हे सदर लिहिता लिहिता आम्हीही कागद काढला. पहिल्याच ओळीत एका मित्राचे जुने देणे निघाले. ते आधी फेडू, इन्शाअल्लाह, आणि मग दुसरी ओळ लिहू.