मावा 'अमली पदार्थ' नसतो का?

दरवर्षी 26 जून आला की अमली पदार्थविरोधी दिनाची धावपळ सुरू होते. शाळांत शपथ, चौकात पथनाट्य, सरकारी कार्यालयांत आणि एमआयडीसीतल्या मोठ्या कारखान्यांत फलक. फलकावर इंजेक्शनची सुई, कवटी आणि 'नशामुक्त कामाची जागा' असे शब्द. कामगार रांगेत उभे राहून हात पुढे करून शपथ घेतात, फोटो निघतो आणि सगळे आपापल्या मशीनवर परत जातात. जाताना अनेकांच्या गालात मावा असतो.

यात मला कामगारांची चेष्टा करायची नाही. चूक शिकवणाऱ्यांची आहे. बी.एड.ला आम्हाला सुरुवातीलाच सांगतात की विद्यार्थ्याला जे ठाऊक आहे तिथून धडा सुरू करा. आपला हा धडा सुरू होतो सुईपासून. सोलापुरात मागावर उभ्या राहणाऱ्या बहुतेकांनी ती फक्त दवाखान्यात पाहिलेली असते.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, म्हणून शब्दांकडे माझं लक्ष जातं. मराठी वर्तमानपत्रात 'अमली पदार्थ' येतो, उर्दूत 'मुनश्शियात'. दोन्ही शब्द ऐकले की डोळ्यांपुढे मुंबई, पोलीस आणि सिनेमा उभा राहतो. बातम्याही तशाच. 2016 मध्ये चिंचोळी एमआयडीसीतून टनांनी इफेड्रिन जप्त झालं. ऑक्टोबर 2023 मध्ये त्याच भागात एमडी बनवणारा कारखाना मुंबई पोलिसांनी पकडला. आपल्या दारात हे घडलं ही गोष्ट लहान नाही. पण ती वाचून साधा कामगार काय शिकतो? की नशा म्हणजे कोटींचा माल, नशा म्हणजे दुसरा कोणीतरी. खिशातली मावा-पुडी त्याच्या हिशेबात येतच नाही. त्यात आमच्या पूर्वभागात घरी तेलुगू बोलणारे, बाजूला कन्नड, पलीकडे दखनी. त्यांच्यापुढे 'मादक द्रव्य सेवन प्रतिबंध' असा फलक लावणं म्हणजे भिंतीशी बोलणं.

आकडे काय सांगतात? 2016-17 च्या केंद्र सरकारच्या तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात 26.6 टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात. ओढणारे जेमतेम 3.8 टक्के, बाकी बहुतेक चघळणारे. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे. सुपारी, चुना आणि तंबाखू घोटून मावा मात्र बनतोच आहे. त्यातली नुसती सुपारीसुद्धा कर्करोग करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने कधीच सांगून ठेवलं आहे. पालकसभेला येणारे काही वडील माझ्याशी मान हलवूनच बोलतात, कारण तोंड भरलेलं असतं. काहींचं तोंड आता दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही.

हे व्यसन लागतं कुठे? बऱ्याचदा कामावरच. यंत्रमागाच्या खात्यात बारा-बारा तासांची पाळी असते आणि मजुरी कापडाच्या मापावर. रात्री तीन वाजता डोळा लागला तर धागा तुटतो, कापड बिघडतं, पैसे कापले जातात. तंबाखू झोप उडवते, भूक मारते. नव्या पोराला शेजारचा जुना कामगार मायेनंच चिमूटभर देतो. अशा पोराला 'तंबाखू वाईट' एवढंच सांगून भागत नाही, कारण ती त्याला पाळी पूर्ण करायला मदत करते आहे. त्याला रात्री दोनदा चहा आणि दहा मिनिटं बसायला जागा कोण देणार, हाही त्याच धड्याचा भाग आहे.

आणि ज्यांचं कामच तंबाखूचं आहे त्यांचं काय? सोलापुरात हजारो बाया विड्या वळतात. कारखान्यातून पान आणि तंबाखू आणायची, मांडीवर सूप घ्यायचं आणि हजारी पुरी करायची. कामाची जागा म्हणजे तिचं घर, तिथेच स्वयंपाक, तिथेच पोरांचा अभ्यास. तंबाखूची धूळ तिच्या श्वासात जाते, शेजारी निजलेल्या बाळाच्याही. तिच्यासाठी 'नशामुक्त कामाची जागा' हे शब्द कसे वापरायचे? तिचा रोजगार हिरावून घ्या असं मी म्हणत नाही. पण तंबाखूचं सूप आणि स्वयंपाक वेगळ्या ठिकाणी असावेत, तोंडाला फडकं असावं, मशेरीची सवय सोडायला तिला मदत मिळावी, एवढं तरी कुणी तिच्या दारी जाऊन सांगायला हवं. ती कारखान्याच्या सभागृहात येणार नाही.

आमच्या मोहल्ल्यातली एक गोष्टही स्पष्ट बोलायला हवी. दारू हराम, हे लहान पोरही सांगतं. त्यामुळे जो पीत नाही तो स्वतःला नशेपासून लांब समजतो आणि दिवसाला दहा पुड्या संपवतो. तोच माणूस रमजानमध्ये तेरा-चौदा तास तोंडात काही घालत नाही, तेही पाळीवर उभा राहून. म्हणजे सोडणं त्याच्या आवाक्यात आहे. मगरिबनंतर पुडी पुन्हा फुटते तो क्षण पकडायला हवा. दारूची मनाईही एका दिवसात आली नव्हती, टप्प्याटप्प्याने आली. नशेत नमाजला उभं राहू नका, हा त्यातला एक टप्पा होता. 'नशेत कामाला उभं राहू नका' हा कारखान्यातला पहिला टप्पा समजायला काय हरकत आहे?

या शहराच्या कामगारांना नशेचा प्रश्न नवा नाही. 1930 च्या कायदेभंगात सोलापूरकर रूपाभवानीच्या बाजूला शिंदीची झाडं तोडायला गेले होते. 8 मे रोजी गोळीबार झाला, पुढे मार्शल लॉ आला, आणि 12 जानेवारी 1931 रोजी चार सोलापूरकर येरवड्यात फासावर गेले. त्यातले कुर्बान हुसेन पत्रकार होते आणि गिरणी कामगारांत वावरणारे होते. शिंदीच्या कराचा पैसा कुणाच्या तिजोरीत जातो, हे त्या पिढीला कळत होतं. आजच्या मावा-पुडीचा हिशेब आपण कुणी मांडतो का?

आता कायद्याकडे या. कामगार कायद्यांखालच्या आदर्श स्थायी आदेशांत कामावर दारूच्या नशेत असणं हे गैरवर्तन आहे. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मात्र दारू आणि अमली पदार्थांशी जोडलेल्या मनाच्या अवस्थांना आजारात धरतो. म्हणजे एकाच माणसाला एक कायदा गुन्हेगार समजतो आणि दुसरा रुग्ण. मालकाला पहिला पाठ असतो, दुसरा ठाऊक नसतो. म्हणून कामगार लपवतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1995 मध्येच आचारसंहिता करून सांगितलं की हा प्रश्न इतर आजारांसारखाच हाताळा. अमेरिकेचा 1988 चा नशामुक्त कार्यस्थळ कायदाही सरकारी कंत्राटदारांना कामगारांचं प्रबोधन करायला लावतो, लघवी तपासायची सक्ती त्यात नाही.

मालकांचं म्हणणं मला मान्य आहे की नशेतल्या माणसाच्या हाती माग देता येत नाही. धोटा उडाला तर शेजारच्याचा डोळा जातो. त्या दिवशी त्याला मशीनवरून उतरवा, जरूर उतरवा. पण घरी पाठवणं वेगळं आणि कामावरून काढणं वेगळं. काढलेला माणूस दुसऱ्या खात्यात जातो, नशा सोबत नेतो.

उपचार आपल्याकडे नाहीत असं नाही. पुण्याचं मुक्तांगण 1986 पासून व्यसनाला आजार मानून काम करत आहे. तिथला उपचार साधारण 35 दिवसांचा. आता सांगा, मापावर मजुरी घेणारा कामगार 35 दिवस घरात काय देणार? वरून मालकाची उचल डोक्यावर. एम्सच्या 2019 च्या अहवालानुसार दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांपैकी एकालाच कसलातरी उपचार मिळतो. मला वाटतं बाकीच्या 37 जणांना माहितीपेक्षा रजा आणि रोजी जास्त कमी पडते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. यंत्रमागधारकांच्या संघटनेने एक गोष्ट लिहून द्यावी: जो कामगार स्वतःहून येऊन 'मला सोडायचंय' म्हणेल, त्याची जागा उपचार होईपर्यंत राहील आणि त्या काळात उचल वसूल होणार नाही. ही हमी तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठीत वाचून दाखवावी, मुकादमाच्या तोंडून, पगाराच्या दिवशी. शिकवायचं असेल तर ज्याने स्वतः सोडलंय असा जुना कामगार उभा करावा. कामगार संघटनांनी आणि मशिदींच्या जमातींनी त्या घरचं 35 दिवसांचं किराणा सामान उचलावं. जकातीचे पैसे याहून चांगल्या जागी क्वचित लागतील.

तोवर प्रत्येक खात्यात, चहाच्या टपरीवर आणि विडी कारखान्याच्या दारात निदान दोन नंबर मोठ्या अक्षरात लिहून ठेवू या. व्यसनमुक्तीसाठी 14446, आणि तंबाखू सोडण्यासाठी 1800-11-2356. दोन्ही फुकट आहेत, आणि तिथे फोन करणाऱ्याला कुणी मालकाचं नाव विचारत नाही.